उपकेंद्राच्या भिंतीचे पैसे कोण देणार? शहराची वीजव्यवस्था हल्ल्यापासून वाचवण्यासाठी निधी मिळवण्याची वाट

उघड्यावरच्या वीज उपकेंद्राभोवती किमान १.८ मीटर उंचीचे कुंपण असावे, असा आपल्याकडे नियम आहे. चेंडू आणायला आत शिरणाऱ्या पोरांना आणि चरत आलेल्या गुरांना ते अडवते. रात्री कटर घेऊन आलेल्या माणसाला अडवत नाही, ड्रोनला तर नाहीच. आणि कंट्रोल रूममधल्या संगणकात इंटरनेटवरून शिरणाऱ्याला कुंपण असले काय नि नसले काय, सारखेच. यापुढचे संरक्षण हवे असेल तर पैसे लागतात. ते मागायचे कोणाकडे, हा प्रश्न आला की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

हा लेख ती फाइल हातात असलेल्यांसाठी आहे: महावितरण, महापारेषण किंवा बेस्टमधला तरुण अभियंता, महापालिकेतला विद्युत विभागाचा अधिकारी, आणि आपले वीजबिल नीट वाचणारा जागरूक ग्राहक. उदाहरणे मुख्यतः मुंबई आणि महाराष्ट्राची आहेत. केंद्राच्या योजनांबद्दलचा भाग इतर राज्यांतही उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती कळायला मला बराच वेळ लागला. 'हल्ल्यापासून संरक्षण' या नावाचा कोणताही एक खजिना आपल्याकडे वीज कंपन्यांसाठी उघडा नाही. पैसे आहेत, पण ते वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या दारांत ठेवलेले आहेत. एका दारात 'ग्रिडची सुरक्षितता', दुसऱ्यात 'वितरणाचे आधुनिकीकरण', तिसऱ्यात 'भांडवली खर्चाला मान्यता'. आपल्या गरजेचे तुकडे करून प्रत्येक तुकडा योग्य दारात न्यायचा, हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

१२ ऑक्टोबर २०२० समोर ठेवा

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा बराच भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिन्यांपैकी एक कामासाठी आधीच बंद होती आणि दुसरी ट्रिप झाली, म्हणजे दोषामुळे आपोआप बंद पडली. मुंबईला उरलेल्या ग्रिडपासून तोडून शहरातल्या शहरात वीज टिकवणारी आयलंडिंगची व्यवस्था अशाच वेळेसाठी उभी केलेली होती, पण त्या दिवशी ती टिकली नाही. ट्रॉम्बे आणि डहाणूचे वीजनिर्मिती संचही बंद पडले.

पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबरचा अहवाल जाहीर केला. त्यात १४ ट्रोजन, म्हणजे छुपे घातक प्रोग्राम, आढळल्याचा आणि सायबर घातपाताच्या शक्यतेचा उल्लेख होता. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. त्याच सुमारास रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने भारताच्या वीजक्षेत्रातल्या संस्थांना 'रेडएको' हा चीनशी जोडलेला गट लक्ष्य करत असल्याचे म्हटले होते.

वाद बाजूला ठेवा. प्रस्ताव लिहिणाऱ्यासाठी यातला धडा वेगळा आहे. कारण हल्ला असो वा चूक, आयलंडिंग टिकले असते तर शहर वाचले असते. जे काम अपघातातही उपयोगी आणि हल्ल्यातही उपयोगी, ते आधी मागा. त्याची गरज सिद्ध करायला शत्रू कोण हे सांगावे लागत नाही, मागच्या पाच वर्षांची ट्रिपिंगची नोंदवही पुरते. मंजुरी देणाऱ्या समितीला 'उद्या कोणी बॉम्ब टाकला तर' हे वाक्य तोलता येत नाही. 'गेल्या जूनमध्ये याच बसबारच्या (उपकेंद्रातल्या मुख्य वीजपट्टीच्या) दोषाने इतके फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या) इतके तास बंद होते' हे तोलता येते.

पायरी पहिली: मालकी कोणाची ते पाहा

हे आधी पाहा, कारण यावरच कोणती दारे उघडी आहेत ते ठरते. मुंबईत दक्षिण भागात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण वीज देते. पारेषणात, म्हणजे मोठ्या दाबाची वीज शहरापर्यंत आणण्यात, महापारेषणबरोबर टाटा आणि अदानीही आहेत. एका शहरात सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी कंपन्या शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्या वाहिन्या एकमेकींवर अवलंबून आहेत.

वीज प्रणाली विकास निधी, म्हणजे पीएसडीएफ, खासगी प्रकल्पांना मिळत नाही. सुधारित वितरण क्षेत्र योजना, म्हणजे आरडीएसएस, हीदेखील सरकारी वितरण कंपन्यांसाठीच आहे. खासगी कंपनीपुढे मुख्य वाट एकच उरते: वीज नियामक आयोगाकडून भांडवली खर्चाला मान्यता घेणे. तो खर्च शेवटी ग्राहकांच्या बिलातून वसूल होतो. सरकारी कंपनीसाठी तिन्ही दारे उघडी आहेत.

पायरी दुसरी: यादी करा, पण किमतीची नव्हे

बहुतेक प्रस्ताव इथेच फसतात. मालमत्तेच्या नोंदवहीतून सर्वांत महागडी यंत्रे वर घेतली जातात आणि त्यांना कॅमेरे लावायचे ठरते. यादी खरे तर उलटीकडून करायची. शहरात काय बंद पडून चालणार नाही, तिथून सुरुवात करा: रुग्णालये, रेल्वेचे ट्रॅक्शन, पाण्याचे पंप, सांडपाण्याचे पंप, दूरसंचार केंद्रे. मुंबईकराला पिसे-पांजरापूर या पाणीपुरवठा केंद्रांची नावे ठाऊक असतात ती तिथली वीज गेली की नळाचे पाणी जाते म्हणून. मग त्या प्रत्येक ठिकाणी वीज कोणत्या उपकेंद्रातून, कोणत्या फीडरवरून येते, दुसरी वाट आहे का आणि ती वाट त्याच खंदकातून जाते का, ते कागदावर काढा.

दुसरी वाट त्याच खंदकातून जाते, असे अनेकदा दिसेल. नकाशावर दोन केबल असतात, जमिनीत त्या एकमेकींपासून हातभर अंतरावर पुरलेल्या असतात. हे लाइनमन सांगतो, नकाशा सांगत नाही. म्हणून ही यादी ऑफिसात बसून करू नका.

प्रत्येक नगापुढे दोन गोष्टी लिहा. तो गेला तर किती लोकांचे काय बंद पडेल, आणि त्याच्या जागी दुसरा आणायला किती दिवस लागतील. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही. मागणी नोंदवल्यापासून तो चौथऱ्यावर बसेपर्यंत कित्येक महिने जातात. १६ एप्रिल २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या मेटकाफ उपकेंद्रावर अज्ञातांनी रायफलने गोळीबार केला. त्यांनी आधी दूरध्वनीच्या केबल तोडल्या आणि मग ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर नेम धरला. तेल गळून १७ ट्रान्सफॉर्मर निकामी झाले, दीड कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले आणि उपकेंद्र पूर्ववत व्हायला २७ दिवस लागले. वीज दुसऱ्या वाटेने वळवता आल्यामुळेच मोठा अंधार टळला. हल्लेखोराने यार्डातली सर्वांत नाजूक जागा हेरली होती. आपल्या यादीतही ती जागा असायला हवी.

पायरी तिसरी: कामांची चार गाठोडी बांधा

आता कामे वेगळी करा. एकाच प्रस्तावात सगळे कोंबले की एका संशयास्पद बाबीपायी सगळेच अडकते.

पहिले गाठोडे ग्रिड टिकवणाऱ्या कामांचे: आयलंडिंग, जुन्या रिले (दोष ओळखून वाहिनी तोडणारी उपकरणे) बदलणे, विशेष संरक्षण योजना (बिघाड पसरू नये म्हणून आपोआप काही भार किंवा वाहिन्या तोडणारी व्यवस्था), पर्यायी संपर्क वाहिनी, ब्लॅक स्टार्टची सोय (बाहेरची वीज नसताना संच पुन्हा सुरू करणे).

दुसरे नियंत्रण यंत्रणेचे: स्काडा (उपकेंद्रे दुरून पाहण्याची आणि चालवण्याची संगणक यंत्रणा), फायरवॉल (नेटवर्कमधली नको ती ये-जा अडवणारे उपकरण), कार्यालयीन संगणक आणि नियंत्रणाचे संगणक यांची पूर्ण फारकत. २००८ नंतर आर-एपीडीआरपी या केंद्राच्या वीज वितरण सुधारणा योजनेत ४ लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या आणि वर्षाला ३५ कोटी युनिटांहून अधिक वीज घेणाऱ्या शहरांसाठी स्काडा मंजूर झाली होती. त्या काळातली उपकरणे आणि सॉफ्टवेअर अजून कुठे चालू असतील तर ती यादीत वर आली पाहिजेत.

तिसरे प्रत्यक्ष अडथळ्यांचे: भिंत, दिवे, कॅमेरे, ट्रान्सफॉर्मरभोवतीचे आडोसे. इथे एक वाट जवळची आहे. मोठ्या तेलभरल्या ट्रान्सफॉर्मरांमध्ये आगरोधक भिंत आणि तेल साठवणारे खड्डे सुरक्षा विनियमांप्रमाणे लागतातच. ती भिंत बांधायचीच आहे तर तिची उंची, जाडी आणि दिशा अशी ठरवा की बाहेरच्या रस्त्यावरून रेडिएटर दिसणार नाहीत. काम एक, हेतू दोन, खर्चात थोडीच भर. युक्रेनने २०२२ नंतर आपल्या उपकेंद्रांभोवती गॅबियन आणि काँक्रीटचे आडोसे उभे केले. गॅबियन म्हणजे घाटात दरड रोखायला जाळीत भरून रचलेले दगड. ते बनवणारे कंत्राटदार आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत.

चौथे गाठोडे माणसांचे: पहारा, सायबर सुरक्षेची पाळीतली माणसे, प्रशिक्षण, सराव, लेखापरीक्षण. अनुदान साधारणपणे यंत्रांना मिळते, पगाराला मिळत नाही. म्हणून हे गाठोडे वेगळे ठेवायचे.

पायरी चौथी: प्रत्येक गाठोडे त्याच्या दारात न्या

पीएसडीएफपासून सुरुवात करतो, कारण तो लोकांना कमी माहीत आहे. ग्रिडची शिस्त मोडल्याबद्दल वीज कंपन्यांकडून वसूल होणारे विचलन शुल्क (ठरल्यापेक्षा कमी-जास्त वीज घेतल्या-दिल्याबद्दलचे), वाहिन्यांवरच्या गर्दीचे शुल्क, रिअॅक्टिव्ह ऊर्जेचे (व्होल्टेज वर-खाली करणाऱ्या ऊर्जेचे) शुल्क यांतून हा निधी जमतो. २०१४ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापराची योजना मंजूर केली आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाने विनियम केले. नोडल संस्था, म्हणजे योजनेचे काम सांभाळणारी संस्था, राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र ही आहे, जे आज ग्रिड चालवणाऱ्या ग्रिड-इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. अर्ज आणि सविस्तर प्रकल्प अहवाल तिथे जातो. आधी तांत्रिक-आर्थिक उपगट तो तपासतो, मग ऊर्जा सचिवांच्या अध्यक्षतेखालील मूल्यमापन समिती. संरक्षण प्रणाली, विशेष संरक्षण योजना, व्होल्टेज सावरणारी उपकरणे, गर्दी कमी करणाऱ्या पारेषण वाहिन्या ही या निधीची ओळखीची कामे आहेत. वितरण कंपनीलाही मागता येते, पण कामाचा ग्रिडच्या सुरक्षिततेशी थेट संबंध हवा आणि तेच काम केंद्राच्या दुसऱ्या योजनेत धरलेले नको.

यातून दोन सूचना निघतात. पहिले गाठोडे इथे न्या, तिसरे नको. कॅमेऱ्यांचे दरपत्रक जोडलेला अर्ज या समितीला परका वाटतो. दुसरे, अर्जाआधी विषय पश्चिम क्षेत्रीय वीज समितीच्या (पश्चिमेकडच्या राज्यांतल्या वीज कंपन्यांच्या समन्वय समितीच्या) बैठकीत चर्चेला आणा आणि इतिवृत्त जोडा. त्या इतिवृत्ताचे वजन तुमच्या वीस पानी प्रस्तावनेपेक्षा जास्त पडते.

आरडीएसएसला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मान्यता दिली. एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा ९७,६३१ कोटी. पीएफसी आणि आरईसी या वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपन्या तिच्या नोडल संस्था. वितरणाच्या पायाभूत कामांना आपल्यासारख्या राज्यात मंजूर खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. शहरी भागातली स्काडा आधुनिकीकरणात बसते, म्हणून दुसऱ्या गाठोड्याचा मोठा भाग इथे जातो. योजना २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी आखलेली होती. त्यामुळे नवे काम सुचवण्याआधी तुमच्या कंपनीच्या मंजूर कृती आराखड्यात काय आहे ते उघडून बघा. आराखड्यात स्काडाचे काम असेल तर सायबर सुरक्षेच्या बाबी त्याच्याच तपशिलात घालणे, हे नव्याने अर्ज करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

हिशेब असा पडतो. समजा १० कोटींचे काम मंजूर झाले. त्यात जास्तीत जास्त ६ कोटी अनुदान, उरलेले ४ कोटी कंपनीचे भांडवल आणि कर्ज. आयोगापुढे दर ठरवताना अनुदानाच्या भागावर घसारा आणि परतावा मागता येत नाही, फक्त उरलेल्या भागावर येतो. लेखा विभागाशी हे आधीच बोलून घ्या. नाहीतर अंदाजपत्रक आणि दरयाचिका यांत आकडे जुळत नाहीत आणि प्रश्न तुमच्यावर येतो.

तिसरे दार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे. खासगी कंपन्यांची सगळी कामे आणि सरकारी कंपन्यांची उरलेली कामे इथे येतात, भिंती आणि कॅमेरेही. आयोग विचारतो: गरज काय, पर्याय कोणते तपासले, खर्च टप्प्याटप्प्याने का नाही, ग्राहकाला लाभ काय. इथे अनिवार्यतेचा आधार सर्वांत मजबूत ठरतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी नेमणे, नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून वेगळी ठेवणे, विश्वासार्ह स्रोतांकडूनच खरेदी करणे, नियमित लेखापरीक्षण करून घेणे हे त्यांत आहे. प्रस्तावातल्या प्रत्येक बाबीपुढे ती कोणत्या तत्त्वाची पूर्तता करते ते लिहा. 'आम्हाला हवे आहे' आणि 'आम्हाला करावेच लागते' या दोन वाक्यांत मंजुरीचा फरक आहे.

चौथे गाठोडे दरयाचिकेत, परिचालन आणि देखभाल खर्चात जाते. पहाऱ्यासाठी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल किंवा महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान मिळतात, पण दोन्हीकडे पैसे कंपनीने भरायचे असतात. सॉफ्टवेअरचे परवाने आणि वार्षिक देखभाल करारही याच गाठोड्यातले. अनुदानातून आलेली उत्तम फायरवॉल तिसऱ्या वर्षी परवान्याचे नूतनीकरण न झाल्याने नुसता लोखंडी डबा होऊन बसलेली मी पाहिली आहे. ते आठवले की आजही वाईट वाटते, कारण खरेदीच्या वेळी तो खर्च लिहिणे दोन ओळींचे काम होते.

पायरी पाचवी: अहवाल लिहा, पण हल्लेखोराला नकाशा देऊ नका

सुरक्षेचा प्रस्ताव हाच सर्वांत धोक्याचा कागद असतो. आपल्या कमकुवत जागा आपणच त्यात ओळीने लिहिलेल्या असतात. म्हणून अहवाल दोन भागांत करा. पहिल्या भागात गरज, खर्च, लाभ, वेळापत्रक. दुसऱ्या भागात जागांचे तपशील, केबलचे मार्ग, नेटवर्कची रचना, तपासणीत सापडलेल्या त्रुटी. दुसरा भाग गोपनीय परिशिष्ट म्हणून सीलबंद द्या आणि कोणाच्या हाती गेला याची नोंद ठेवा. माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८ मध्ये देशाच्या सुरक्षेशी निगडित माहितीला अपवाद आहे, पण तो आधार घ्यायला कागद मुळात वेगळा ठेवलेला असावा लागतो. एकाच फाइलमध्ये सगळे असेल तर एक तर सगळे झाकावे लागते किंवा सगळे उघडे पडते. दोन्ही वाईट. लोकांच्या पैशाचा हिशेब झाकला जाणे मला मान्य नाही.

निविदेतही हीच काळजी घ्या. संगणकांचे अंतर्गत पत्ते, उपकरणांची अचूक आवृत्ती, कॅमेऱ्यांच्या जागा निविदा संकेतस्थळावर चढवू नका. पात्र ठरलेल्या निविदाकारांना गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन ते दाखवा.

खरेदीबाबत दोन आदेश फाइलला लावून ठेवा. २ जुलै २०२० चा ऊर्जा मंत्रालयाचा आदेश आयात उपकरणांची मालवेअरसाठी (घातक सॉफ्टवेअरसाठी) तपासणी करायला सांगतो. २३ जुलै २०२० चा केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाचा आदेश भारताला लागून सीमा असलेल्या देशांतल्या निविदाकारांना आधी नोंदणी सक्तीची करतो. हे नंतर आठवले तर निविदा रद्द करून पुन्हा काढावी लागते आणि आर्थिक वर्ष निघून जाते.

पायरी सहावी: मंजुरीनंतर

स्वतंत्र खाते, वेळेवर उपयोगिता प्रमाणपत्र, कामाची तारखेसह छायाचित्रे, हे सगळ्यांना माहीत असते. इथे जोर द्यायचा आहे तो चाचणीवर. यंत्रे बसली म्हणजे काम झाले असे धरून शेवटचे बिल काढू नका. शेवटच्या हप्त्याची अट म्हणून प्रत्यक्ष सराव ठेवा: स्काडा बंद आहे असे मानून उपकेंद्रे हाताने चालवून दाखवणे, आयलंडिंगच्या रिलेंची चाचणी, बॅकअपमधून सर्व्हर पुन्हा उभा करणे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला होऊन सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांत परत आली, कारण त्यांची माणसे उपकेंद्रांवर गेली आणि ब्रेकर हाताने लावले. सगळे स्वयंचलित झाल्यावर आपल्याकडे हे कोणाला येते, ते विचारून ठेवा. येणारे पुढच्या वर्षी निवृत्त होत असतील तर त्यांच्याकडून नव्यांना शिकवून घेण्याचा खर्च चौथ्या गाठोड्यात घाला.

सायबर घटना घडलीच तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. या नोंदी साठवायला लागणारी जागा अंदाजपत्रकात धरली आहे का, ते पाहा. ही बाब राहून जाते.

ग्राहक म्हणून तुम्हाला काय करता येते

दरवाढीच्या याचिकेवर आयोग सूचना-हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे कोणालाही बोलता येते. सुनावणीत बहुतेक बोलणे प्रतियुनिट दराभोवती फिरते, ते साहजिक आहे. पण तुमच्या लेखी निवेदनात आणखी तीन प्रश्न घाला. सायबर सुरक्षेसाठी मागच्या वर्षी मंजूर झालेल्या रकमेतली प्रत्यक्ष किती खर्च झाली? आयलंडिंगची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली? शहराला लागणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरांपैकी किती राखीव आहेत? यातल्या कोणत्याही उत्तराने हल्लेखोराला वाट सापडत नाही, आणि कंपनीला उत्तर लेखी द्यावे लागते. निवेदन मराठीत चालते. त्याची पोच मात्र घ्या.